थंडी, पाऊस आणि सपाट रस्ता : पानगळीतली मॅरेथॉन कशी धावावी?

मंदगती

येत्या रविवारी मी माझी दुसरी मॅरेथॉन धावणार आहे. मार्ग इतका सपाट आहे की चढ म्हणावेत असे दोन पूल तेवढे लागतात, आणि पानगळीचे दिवस असल्याने उन्हाचा त्रास होणार नाही या हिशेबानेच मी ही शर्यत निवडली होती. लक्ष्य ३ तास ५० मिनिटांचे आहे, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ५ मिनिटे २७ सेकंद. सराव ठरल्याप्रमाणे झाला. आता मात्र ६ ते ७ अंश तापमान, पहाटेपासून संततधार आणि ताशी २५ किलोमीटरचा वारा असा अंदाज आला आहे, आणि गेले तीन दिवस मी दर दोन तासांनी तो उघडून पाहते आहे.

माझी भीती अगदीच निराधार नाही. पहिल्या मॅरेथॉनला निम्म्या वाटेवर पावसाने गाठले होते. ३० किलोमीटरपर्यंत थंडी जाणवलीही नाही; उलट पाय हलके वाटत होते. ३३ व्या किलोमीटरला जेलची (धावताना ऊर्जेसाठी घ्यायच्या गोड, दाट द्रवाची) पुडी फाडायला गेले तर बोटे चालेनात. दातांनी फाडण्याच्या खटपटीत ती खाली पडली, मी चालू लागले, आणि त्या दोनतीनशे पावलांत अंगात जी हुडहुडी भरली ती शेवटपर्यंत उतरली नाही. अंतिम रेषेनंतर सामानाच्या पिशवीसाठी चिंब कपड्यांत पाऊण तास रांगेत उभी होते; तो पाऊण तास मला शर्यतीहून कठीण गेला.

या वेळी अंगावर काय घालावे, पावसामुळे वेगाचे लक्ष्य खाली आणावे का, आणि सपाट मार्गाचा अशा हवेत फायदा होतो की तोटा, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

पायवाट

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हीच लिहिलेल्या हकिकतीत आहे. तुम्ही चिंब भिजलेल्या होतात, तरी ३० किलोमीटरपर्यंत थंडी वाजली नाही. ती वाजली चालू लागल्यावर. हा योगायोग नाही.

ढोबळ हिशेब असा की धावताना शरीर दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी खर्च करते. वजन ६० किलो धरले आणि वेग ताशी ११ किलोमीटर, तर तासाला ६६० किलोकॅलरी होतात, आणि त्यांतील बहुतेक सगळ्या शेवटी उष्णता बनतात. म्हणजे जोवर धावणे सुरू आहे तोवर अंगात चांगली धगधगती शेगडी असते. तीच व्यक्ती ताशी ५ किलोमीटरने चालू लागली की खर्च तासाला २०० किलोकॅलरींच्या आसपास येतो. पाऊस तोच, वारा तोच, कपडे तितकेच ओले, आणि शेगडी मात्र एक तृतीयांशावर आलेली. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे अंगाला चिकटलेला ओला कपडा ही तूट फार लवकर वाढवतो.

त्यात भर म्हणजे वेग मंदावण्याचे कारण बहुधा स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत येणे हे असते, आणि कुडकुडून उष्णता निर्माण करायलाही स्नायूंना तेच इंधन लागते. तुमची जेलची पुडी पडली, म्हणजे दोन्ही कामांसाठीचे इंधन एकाच वेळी रस्त्यावर सांडले.

म्हणून अशा दिवशी माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो : शेवटच्या १० किलोमीटरांत वेग कोसळता कामा नये. कपडे, जेल, सुरुवातीचा वेग हे सारे निर्णय त्या एका अटीवर तपासून घ्यावेत. हवा थंड आहे हे मुळात तुमच्या बाजूचेच आहे. मॅरेथॉनसाठी ५ ते १० अंश हे तापमान उत्तम मानले जाते. उकाड्यात घाम गाळून सराव केलेल्या माणसाला तर ते वरदान वाटावे.

घड्याळजी

पायवाट यांच्या मुद्द्याला सपाटपणाची जोड देतो, कारण तो प्रश्न बाजूला राहिला.

सपाट मार्गावर एकसारख्या वेगाने धावता येते, आणि हा त्याचा गुण तसाच सापळाही आहे. चढउताराच्या रस्त्यावर कधी पोटऱ्या, कधी मांडीचे पुढचे स्नायू, कधी मागचे, असा भार वाटला जातो. सपाट रस्त्यावर साधारण ४० हजार पावले जवळजवळ एकाच मापाची पडतात. त्यातून सुरुवातीला वाढलेल्या वेगाला रोखणारा एकही चढ समोर येत नाही. थंड हवेत हृदयाचे ठोकेही नेहमीपेक्षा कमी दिसतात, मग धावणाऱ्याला वाटते की आज आपल्यात काही वेगळेच बळ आले आहे. त्या बळाची किंमत ३२ व्या किलोमीटरला मोजावी लागते, आणि पाऊस असेल तर पायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे व्याजासकट.

नुसत्या पावसाने वेग फारसा घटत नाही. २०१० ची बर्लिन मॅरेथॉन पावसातच झाली आणि पॅट्रिक मकाऊ याने ती २ तास ५ मिनिटे ८ सेकंदांत जिंकली. अडचण असते ती वाऱ्याची. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ११ किलोमीटरने निवांत हवेत धावताना तो नगण्य असतो. समोरून ताशी २५ चा वारा आला की सापेक्ष वेग ३६ होतो आणि अडथळा दहा पटींहून अधिक. अर्थात अंदाजात दिलेला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. रस्त्यावर, विशेषतः इमारतींच्या आडोशाला, तो बराच कमी भरतो. पूल आणि नदीकाठ मात्र याला अपवाद आहेत, तेव्हा तुमचे ते दोन पूल चढामुळे नव्हे, वाऱ्यामुळे लक्षात ठेवा. पाठीमागून येणारा वारा समोरच्या वाऱ्याने घेतलेले सगळे परत देत नाही, हेही गृहीत धरा.

यावर उपाय म्हणजे सोबत. तुमच्या वेगाचा गट गाठा आणि मोकळ्या जागी त्याच्या आत राहा. गट किलोमीटरमागे तीनचार सेकंद हळू असेल तरी चालेल, एकटीने पुढे जाऊ नका. लक्ष्य खाली आणायची गरज मला वाटत नाही. फक्त पहिले ५ किलोमीटर ५:३२ ते ५:३५ ने जाऊ द्या, आणि वाऱ्याच्या तोंडी घड्याळाकडे न पाहता श्रमाच्या अंदाजाने धावा. घड्याळातल्या, मनगटावर प्रकाश टाकून हृदयाचे ठोके मोजणाऱ्या संवेदकावर त्या दिवशी विसंबू नका. थंडीत कातडीकडे जाणारे रक्त कमी होते आणि ते आकडे वाटेल तसे उड्या मारतात.

मंदगती

पायवाट, घड्याळजी, दोघांचेही आभार. गटाचा विचार माझ्या मनात आला नव्हता, कारण पहिल्या वेळी गर्दी टाळण्याकडेच माझा कल होता.

एक शंका आहे. २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन अशाच हवेत झाली होती ना? तिथे तर जगातले उत्तमोत्तम धावपटू कोलमडले असे वाचले होते. मग आमच्यासारख्यांनी लक्ष्य तसेच ठेवणे धाडसाचे नाही का?

घड्याळजी

बॉस्टनची तुलना पूर्णपणे लागू पडत नाही. ती शर्यत एप्रिलमध्ये असते, मार्ग चढउतारांचा आहे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा आहे, त्यामुळे २०१८ मध्ये मुसळधार पावसासोबत समोरचा वारा जवळजवळ पूर्ण वेळ तोंडावर राहिला. तापमान गोठणबिंदूच्या थोडेच वर होते. अनेक नामवंतांनी शर्यत सोडली. युकी कावाउची याने २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत आणि डेझिरे लिंडेन हिने २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत ती जिंकली, आणि दोन्ही वेळा त्या शर्यतीच्या मानाने फार संथ होत्या. लिंडेनला सुरुवातीला आपण शर्यत सोडू असेच वाटत होते. ती टिकून राहिली आणि बाकीच्या गळत गेल्या.

तुमच्या शर्यतीशी अधिक जुळणारे उदाहरण २०२० च्या लंडन मॅरेथॉनचे आहे. महासाथीमुळे ती ४ ऑक्टोबरला, फक्त निवडक धावपटूंसाठी, सेंट जेम्स पार्कभोवतीच्या सपाट बंदिस्त फेऱ्यांवर झाली. सपाट मार्ग, पानगळीचा ऋतू, थंडी आणि पाऊस हे चारही घटक तिथे होते. तेव्हाचा विश्वविक्रमवीर एलिउड किपचोगे २ तास ६ मिनिटे ४९ सेकंदांत आठवा आला. ७ वर्षांतला तो त्याचा पहिला पराभव होता. उजव्या कानात दडा बसल्याचे त्याने नंतर सांगितले. शुरा किटाटा २ तास ५ मिनिटे ४१ सेकंदांत जिंकला. पहिल्या तिघांत काही सेकंदांचेच अंतर होते, कारण पुढचा गट जवळजवळ शेवटपर्यंत एकत्र राहिला. हवा सगळ्यांना सारखीच होती. वेळा थोड्या संथ झाल्या, शर्यत मात्र कोसळली नाही.

ओलापदर

कपड्यांकडे कोणीच वळले नाही, म्हणून मी लिहितो. दोन ओल्या मॅरेथॉन आणि एक अर्धमॅरेथॉन या भांडवलावर बोलतो आहे.

पहिले तत्त्व असे की मॅरेथॉनमध्ये कोरडे राहण्याचा हट्ट सोडावा. पावसाचे पाणी अजिबात आत न येऊ देणारे जॅकेट घामाचे पाणीही बाहेर जाऊ देत नाही, आणि तुमच्या वेगाला तासाभरात माणूस आतून तितकाच भिजतो. ओले होऊनही वारा आत शिरू नये आणि कपडा जड होऊ नये, एवढेच साधायचे असते. त्यासाठी अंगाबरोबर बसणारा, पातळ, कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा पूर्ण बाह्यांचा सदरा पुरे होतो. माझी पसंती बिनबाह्यांचा घट्ट सदरा आणि वेगळ्या बाह्या यांना आहे, कारण बाह्या मनगटापर्यंत खाली सारता येतात आणि पुन्हा वर ओढता येतात. सुती काहीही नको, अगदी आतले कपडेसुद्धा नकोत. सैल कपडा पाणी धरतो, फडफडतो आणि दर पावलाला थंडगार होऊन अंगाला थापटत राहतो.

डोक्याला पुढे झापड असलेली टोपी हवीच. तिचा उबेशी फारसा संबंध नाही; डोळ्यांत पाणी जात नाही म्हणून माणूस मान खाली घालून खांदे आवळत नाही, हा तिचा खरा उपयोग आहे. चश्मा असेल तर ती दुप्पट उपयोगी.

हातांसाठी आत पातळ लोकरी मोजे आणि वरून दवाखान्यात वापरतात तसले नायट्राइलचे मोजे घालावेत. दिसायला विचित्र दिसते, पण बोटे चालतात, आणि तुमचे गेल्या वेळचे सगळे दुखणे बोटांपासूनच सुरू झाले होते.

सुरुवातीच्या रांगेत बहुधा अर्धा ते पाऊण तास उभे राहावे लागेल. तिथे टाकून देता येईल असा जुना स्वेटर आणि त्यावर डोके व हात बाहेर काढायला भोके पाडलेली कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी. पायांतही दोन पिशव्या गुंडाळा, नाहीतर बंदूक उडण्याआधीच बूट भिजतात.

मांड्यांना, काखेत, छातीच्या पट्ट्याखाली आणि पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलीन नेहमीच्या दुप्पट लावा. ओल्या कपड्याने कातडी कशी सोलवटते हे अंघोळीचे पाणी अंगावर पडल्यावर कळते, तोवर उशीर झालेला असतो.

मंदगती

पायांना उष्ण वाटणारे मलम किंवा तेल चोळून जावे असा सल्ला मला दोघांनी दिला आहे. त्याचा उपयोग होतो का?

तंबूवाली

मी काही वर्षे शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत काम करते आहे, त्या अनुभवावरून या आणि आणखी दोनतीन मुद्द्यांवर लिहिते.

झोंबणाऱ्या मलमाने स्नायू गरम होत नाहीत. ते कातडीतील संवेदना चेतवते, त्यामुळे ऊब असल्याचा भास होतो, आणि कातडीकडे रक्त वळले तर उष्णता उलट अधिक जाते. साधे व्हॅसलीन बरे. तेही घर्षणासाठी, उबेसाठी नाही.

पाण्याबद्दल अधिक काळजीने सांगते. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळते आणि मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकू लागतात. त्यामुळे सुरुवातीच्या रांगेत दर दहा मिनिटांनी लघवीची भावना होणे हे घाबरल्याचेच लक्षण असते असे नाही. याचा अर्थ जास्त पाणी प्यावे असा मात्र मुळीच नाही. घाम कमी जात असताना उकाड्यातल्या हिशेबाने प्रत्येक टेबलावर दोन दोन पेले पीत गेले, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले, आणि ज्यांचे वजन शर्यतीत वाढले होते त्यांच्यात हे प्रमाण ठळक होते. मॅरेथॉन धावून वजन वाढणे म्हणजे गरजेपेक्षा अधिक पाणी प्यायले गेले, याहून सरळ पुरावा नाही. तहान लागेल तसे, घोट घोट प्यावे.

शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आमच्या तंबूत येणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःहून येत नाहीत, त्यांना कोणीतरी आणते, कारण विचारशक्ती आधी मंदावते. बोलताना जीभ जड होणे, साध्या प्रश्नाला उशिरा उत्तर देणे, पावले वेडीवाकडी पडणे ही लक्षणे सोबतच्याने ओळखायची असतात. एखादा धावपटू जोरजोरात कुडकुडत असेल तर ती त्या मानाने बरी अवस्था असते. अंग थंडगार असून कुडकुडणे थांबले असेल तर त्याला ताबडतोब तंबूत आणा. "आता बरे वाटते आहे" या त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका.

अंतिम रेषेनंतरची पहिली १० मिनिटे सर्वांत वाईट. शेगडी बंद झालेली असते आणि अंग ओलेच असते. तिथे मिळणारी चंदेरी पन्नी वारा अडवते आणि अंगाची काही उष्णता परत फिरवते, पण तिच्याखाली भिजलेला सदरा तसाच असेल तर उपयोग निम्माही राहत नाही. आधी ओले काढा, मग कोरडे घाला, मग पन्नी गुंडाळा. मंदगती, सामानाच्या रांगेचा भरवसा या वेळी धरू नका. कोरडे कपडे घेऊन कोणाला तरी ठरलेल्या जागी उभे करा, आणि ती जागा आदल्या दिवशी नक्की करा, कारण पावसात ओल्या हातांनी फोनचा पडदा चालत नाही.

शेवटचीपाच

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. येथे दिलेला जवळजवळ प्रत्येक सल्ला चार तासांच्या आत येणाऱ्यांचा आहे. मी पाच तास वीस मिनिटे घेतो, पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी चालतो, आणि ३० किलोमीटरनंतर एक किलोमीटर धाव, दोनशे मीटर चाल असा क्रम ठेवतो. पायवाट यांच्याच हिशेबाने माझी शेगडी मुळातच लहान आहे आणि ती पाऊसवाऱ्यात दीड तास अधिक पेटती ठेवायची आहे. मला "कोरडे राहण्याचा हट्ट सोडा" हे सांगणे म्हणजे पोहता येणाऱ्याने न येणाऱ्याला पाण्याची भीती सोड म्हणण्यासारखे आहे.

मी पाऊस अडवणारे हलके जॅकेट घालतो. आतून भिजतो हे खरे. तरी आतले पाणी अंगाच्या तापमानाचे असते आणि त्यावरून वारा वाहत नाही. बाहेरचे सात अंशांचे असते. हा फरक चार तासांनंतर फार मोठा वाटतो.

पायवाट

आक्षेप पूर्णपणे मान्य आहे, आणि तो माझ्याकडूनच आधी यायला हवा होता. हवेच्या अंदाजाइतकाच आपल्या वेगाचा अंदाज घेऊन कपडे निवडावे लागतात. आणि तो वेग म्हणजे ३५ व्या किलोमीटरला खरोखर असेल तो, मनात ठरवलेला नव्हे. पाच तासांच्या धावपटूला जॅकेट योग्यच आहे. चार तासांच्या आसपास असणाऱ्यांची मात्र पंचाईत असते. मंदगती यांनी मधला मार्ग म्हणून वारा अडवणारे, मुठीत मावेल असे बिनबाह्यांचे जॅकेट कमरेच्या पट्ट्यात ठेवावे. वेग टिकला तर ते तिथेच राहील. टिकला नाही तर चालायला लागण्याआधी घालावे. आधी, हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण नंतर चेन ओढायला बोटे उरत नाहीत.

ओलापदर यांच्या पायांतल्या पिशव्यांबद्दल एवढेच म्हणेन की त्या काढल्याशिवाय पळू नये. मी पाहिले आहे.

रबरतळ

बुटांविषयी.

नवे बूट काढू नका, हे सांगायलाच नको. ज्यांत निदान एक लांब पल्ल्याची धाव पावसात झाली आहे तेच घाला. सगळे तळ ओल्या रस्त्याला सारखे धरत नाहीत. काही हलक्या शर्यतीच्या बुटांना पुढच्या भागात जेमतेम पातळ रबर असते आणि ओल्या गुळगुळीत दगडावर ते साबणासारखे सरकतात. डांबरावर फारशी भीती नसते. भीती असते ती झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, गटारांच्या लोखंडी झाकणांवर, ट्रामच्या रुळांवर आणि या ऋतूत विशेष करून कुजू लागलेल्या पानांच्या थरावर. वळणावर पाने दिसली की पाऊल आखूड टाकावे आणि रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत.

आता एक बारकावा, जो सपाट वेगवान मार्गावर वेळेसाठी धावणाऱ्यांना उपयोगी पडेल. मॅरेथॉनचा मार्ग मोजताना वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतराने, शक्य त्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, आणि अंतर चुकून कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर वाढवतात. काही शर्यतींत ही रेषा निळ्या रंगाने रस्त्यावर आखलेलीही असते. कोरड्या दिवशी तिला धरून धावणे शहाणपणाचे. पावसात मात्र पाणी साचते ते नेमके कडेला, आणि रंगावर पाय सरकतो तो वेगळाच. त्या दिवशी रेषेपासून एक मीटर बाहेरून धावा. वळणावळणाला अंतर थोडे वाढेल. डबक्यात बुडालेल्या बुटाचे वजन आणि पुढचे फोड यांच्या मानाने ते स्वस्त पडते. घड्याळात शेवटी ४२.१९५ किलोमीटरऐवजी ४२.५ किंवा ४२.६ दिसले तर चकित होऊ नका. त्यासाठी लक्ष्याचा वेग दोनतीन सेकंदांनी अधिक धरावा लागतो, हे घड्याळजींनी सांगितले असेल असे वाटले होते.

पायमोजे पातळ, कृत्रिम धाग्याचे आणि घट्ट बसणारे घ्या. जाड मोजे पाणी धरतात. नाडीला दुहेरी गाठ मारा आणि टोके आत खोचा. बधिर बोटांनी सुटलेली नाडी बांधून पाहा म्हणजे मी हे का लिहितो ते कळेल.

घड्याळजी

रबरतळ, ते राहून गेले खरे. ५:२७ चा वेग ४२.१९५ वर काढलेला आहे, ४२.५ धरले तर ५:२५ लागतो. आणखी एक : घड्याळाचा स्पर्शपडदा सुरुवातीलाच बंद करून ठेवा. पावसाचे थेंब त्यावर पडून एकाची शर्यत विसाव्या किलोमीटरला "पूर्ण" झाली होती. तो एक मी.

तंबूवाली

जेलचे राहिले. थंडीत जेल घट्ट होते आणि पुडी निसरडी. तासाला ६० ग्रॅम कर्बोदके घ्यायचा सराव असेल तर तोच ठेवा, वेळा मात्र थोड्या अलीकडे ओढा. प्रत्येक पुडीच्या कडेला आदल्या रात्री कात्रीने लहानशी खाच पाडून ठेवा, आरपार नको. पुढची पुडी दोन किलोमीटर आधीच मोज्याच्या आत तळहाताशी सरकवली की ती मऊही होते आणि शोधावीही लागत नाही.

मंदगती

कालच शर्यत झाली. सर्वांनी इतका वेळ दिला, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला ६ अंश होते आणि पाऊस अंदाजापेक्षा बारीक, पण न थांबणारा. जुना स्वेटर, कचऱ्याची पिशवी आणि पायांतल्या पिशव्या यांनी पाऊण तास निभावून नेला. पायांतल्या पिशव्या आठवणीने काढल्या. ३ तास ५० मिनिटांचा गट गाठला आणि पहिले ५ किलोमीटर ५:३४ च्या सरासरीने गेले. माझ्या स्वभावाला ते फार जड गेले. शेजारून माणसे सरासर पुढे जात होती आणि पाय वळवळत होते. पहिल्या पुलावर वाऱ्याने गटातल्या सर्वांना इतके जवळ आणले की एकमेकांच्या टाचांवर पाय पडत होते, तरी आत चक्क शांत होते. दुसऱ्या पुलापर्यंत गट विरळ झाला होता, तेव्हा एका उंच धावपटूच्या मागे राहिले. पूल ओलांडल्यावर त्याला पुढे जाऊन आडोसा देऊ का असे विचारले. त्याने माझ्या उंचीकडे पाहून नम्रपणे नकार दिला.

एक चूक केली. १४ व्या किलोमीटरला हातांना घाम आला म्हणून वरचे नायट्राइलचे मोजे काढून टाकले. २५ पर्यंत आतले लोकरी मोजे पिळून निघतील इतके भिजले आणि ३० ला बोटे पुन्हा बधिर झाली. पण पुड्यांना खाचा होत्या आणि शेवटची पुडी तळहाताशीच होती, त्यामुळे ३२ व्या किलोमीटरला ती एका झटक्यात उघडली. कमरेचे जॅकेट बाहेर काढावे लागले नाही. ३६ ते ३९ मध्ये वेग ५:४० पर्यंत उतरला, थंडी पाठीतून वर येऊ लागल्याचे स्पष्ट कळत होते, तरी चालले नाही. पाण्याच्या शेवटच्या दोन टेबलांवरून न थांबता गेले. वेळ आली ३ तास ५१ मिनिटे ४० सेकंद, आणि घड्याळात अंतर ४२.५४.

भाऊ ठरलेल्या झाडाखाली कोरडे कपडे घेऊन उभा होता. रेषा ओलांडल्यापासून नवव्या मिनिटाला अंगावर कोरडा सदरा होता. कुडकुडले, पण बसून हसत कुडकुडले.

ओलापदर

अभिनंदन! वरचे मोजे टाकून का दिलेत? कमरेच्या पट्ट्यात खोचले असते तर २० ला पुन्हा घालता आले असते.

मंदगती

ते तेव्हा सुचले असते तर काय हवे होते. पुढच्या वेळी एक जोडी जास्तीची पट्ट्यात राहील, कारण ओल्या लोकरीवर जुनी जोडी पुन्हा चढेल असे मला वाटत नाही. आणखी एक विचारायचे आहे : बूट अजून निथळत आहेत. हीटरसमोर ठेवू का?

रबरतळ

अजिबात नको. जास्त उष्णतेने तळाचा डिंक सुटतो आणि फोम आक्रसतो. आतले तळवे बाहेर काढा, नाड्या सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत कोंबा आणि दोन तासांनी ते बदला. पहिल्यांदा बदलताना कागद किती भिजला आहे ते पाहून तुम्हालाच कळेल की शेवटचे ५ किलोमीटर पाय इतके जड का वाटत होते.